जंगल वर आहे, हा तर चीड आहे: एकाच झाडाच्या लागवडीला गावे विरोध का करतात?

करधई (धागालेखिका)

यंदा मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला, तेव्हा आम्ही घरातली चौघे अल्मोड्याच्या पुढे एका लहान गावात दहा दिवस जाऊन राहिलो. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाई रोज पहाटे विळा आणि दोर घेऊन निघत आणि दहाच्या सुमारास पाठीवर पानांचा भारा घेऊन परतत. घराच्या परड्यापासून थेट डोंगराच्या कुशीपर्यंत चिडाची, म्हणजे हिमालयातल्या पाइनची, उंच, सरळ झाडे दाटीने उभी असताना त्यांना इतके लांब का जावे लागते, हे मला कळेना. तिसऱ्या दिवशी मी विचारले. त्या म्हणाल्या की जंगल वर आहे, हा तर चीड आहे.

उरलेले दिवस मी त्या एका वाक्याचाच विचार करीत होते. आम्हा पाहुण्यांना जो डोंगर गर्द हिरवा दिसत होता, तो त्यांच्या लेखी जंगल नव्हताच. त्यांच्याबरोबर एकदा वर गेले तेव्हा फरक पायालाच कळला. चिडाखाली पिरुलाचा, म्हणजे वाळून गळलेल्या सुयांचा, जाड थर असतो. त्यावरून पाय घसरतो, त्यातून गवताची काडी क्वचितच वर येते आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत. वर बांजाच्या, म्हणजे डोंगरी ओकच्या, रानात शिरल्यावर मात्र पायाखाली मऊ, काळी, ओलसर माती लागते. बांजाची हिरवी पाने गुरांना चारा म्हणून चालतात, वाळलेला पाला गोठ्यात अंथरला जातो आणि शेवटी तोच शेणात कुजून शेतात खत म्हणून पडतो. गावाचा नौला, म्हणजे दगडी बांधणीचे झऱ्याचे कुंड, बांजाच्या रानाखालीच आहे. चिडाच्या बाजूचा दुसरा नौला त्यांच्या सासूबाईंच्या हयातीतच आटला, असे त्यांनी सांगितले.

परत आल्यावर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेले. कुमाऊँतला चीड परदेशी नाही, तो तिथलाच आहे. परंतु त्याचा इतका विस्तार मात्र आपोआप झालेला नाही. राळ आणि टर्पेंटाइनसाठी, तसेच रासायनिक प्रक्रिया करून रेल्वेच्या स्लीपरांसाठी तो उपयोगी ठरू लागला, तसे इंग्रज सरकारने १९११ ते १९१७ या काळात कुमाऊँची विस्तृत जंगले राखीव करून गावकऱ्यांच्या चराईवर आणि पानतोडीवर निर्बंध घातले. १९२१ साली मकरसंक्रांतीला बागेश्वरच्या उत्तरायणी मेळ्यात लोकांनी कुली-बेगारीच्या, म्हणजे सक्तीच्या हमालीच्या, वह्या शरयू नदीत बुडवल्या आणि त्याच उन्हाळ्यात कुमाऊँत राखीव जंगलांना मोठ्या प्रमाणावर आगी लावल्या गेल्या. त्या आगींचा रोख मुख्यतः व्यापारी चिडाच्या क्षेत्रांवर होता आणि रुंद पानांची राने लोकांनी बहुतांशी राखली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आग लावण्याचे समर्थन मी करीत नाही. परंतु कोणते रान आपले आणि कोणते आपल्यावर लादलेले, हे त्या लोकांना नेमके ठाऊक होते.

हा विषय इथे मांडण्याचे कारण घरचे आहे. आमच्या वस्तीच्या दक्षिणेला एक खडकाळ टेकडी आहे. तिच्यावर करधई, सलई, खैर आणि भरपूर गवत आहे. तिथे यंदाच्या पावसाळ्यात "हरित पट्टा" करण्याचा प्रस्ताव आला आहे आणि त्यासाठी सरळसोट, सदाहरित दिसणारी एकाच जातीची रोपे मागवण्याची चर्चा चालू आहे. आपल्या हवेत चीड जगणार नाही हे उघड आहे; परंतु ज्या विचारामुळे डोंगरच्या डोंगर एका झाडाखाली गेले, तो विचार मात्र आपल्या हवेत चांगला जगतो. करधईच्या निष्पर्ण फांद्या पाहून लोक त्या टेकडीला ओसाड म्हणतात, हे मला सहन होत नाही.

आपल्या जुन्या मध्य प्रदेशातही पाइनच्या लागवडीचा एक मोठा प्रयत्न झाला होता, एवढेच मी ऐकून आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.

---

शिंदेछावणी

करधई ताई, आपण ज्या प्रयत्नाचा उल्लेख केला आहे तो बस्तरचा. माझे थोरले काका त्या काळात जगदलपूरला एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्याचे काम करीत होते. त्यामुळे आमच्या घरात हा विषय लहानपणापासून कानावर पडत आला आहे.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट आहे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली असा विचार मांडला की नैसर्गिक मिश्र जंगले पुरेसे उत्पन्न देत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी उद्योगाला लागणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या झाडांची लागवड व्हावी. राज्याराज्यांत वनविकास महामंडळे निघाली ती याच काळात. बस्तरमध्ये कागदाच्या लगद्यासाठी साल वृक्षांचे जंगल तोडून तिथे उष्ण प्रदेशात वाढणारा कॅरिबियन पाइन लावण्याची योजना जागतिक बँकेच्या साहाय्याने आखली गेली आणि हजारो हेक्टर साल तिच्या वाटेत येणार होता.

आता साल म्हणजे बस्तरमध्ये काय, हे सांगितल्याशिवाय विरोधाचे कारण कळणार नाही. सरईच्या, म्हणजे सालाच्या, पानांच्या पत्रावळी आणि द्रोण होतात, बिया गोळा करून विकता येतात, राळेचा धूप होतो आणि लग्नाच्या मांडवाला सालाच्याच फांद्या लागतात. पहिल्या पावसानंतर सालाच्या मुळांशी जमिनीखाली बोडा नावाचे कंदासारखे आळंबे येते. जगदलपूरच्या बाजारात आजही हंगामाच्या सुरुवातीला त्याचा भाव ऐकून बाहेरचा माणूस थक्क होतो. हा बोडा शेतात लावता येत नाही. सालाच्या मुळांशी जुळलेल्या बुरशीचे ते फळ आहे आणि साल गेला की तोही जातो. याउलट पाइन नव्या मुलखात नेला तर त्याला त्याची स्वतःची बुरशी लागते आणि ती जमिनीत नसेल तर रोपे खुरटतात. झाड बदलणे म्हणजे वरचे खोड बदलणे नव्हे, मातीखालचा सगळा संसार बदलणे आहे, हे काका मला रोपवाटिकेतली दोन रोपे शेजारी ठेवून समजावून देत असत.

शिवाय साल एकदा गेला की परत आणणे कठीण. त्याचे बी काही दिवसांतच रुजण्याची शक्ती गमावते आणि नर्सरीत वाढवलेले रोप लावून सालाचे रान उभे करण्याचे प्रयत्न फारसे यशस्वी झालेले नाहीत. "सौ साल खड़ा, सौ साल पड़ा, सौ साल सड़ा" ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. एवढ्या दीर्घ आयुष्याचे झाड पंधरा-वीस वर्षांत तोडणीला येणाऱ्या पिकासाठी काढायचे, हा हिशेब तिथल्या लोकांना पटणे शक्यच नव्हते.

आदिवासींनी विरोध केला आणि प्रशासनातल्या काही थोड्या लोकांनी त्यांचे म्हणणे वरपर्यंत नेले. त्यात डॉ. ब्रह्मदेव शर्मा यांचे नाव घेतलेच पाहिजे. ते पूर्वी बस्तरचे जिल्हाधिकारी होते आणि त्यांनी या योजनेला उघड विरोध केला. पुढे १९८६ ते १९९१ या काळात ते अनुसूचित जाती-जमातींचे आयुक्त होते आणि आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्यामागे त्यांच्या विचारांचा मोठा वाटा आहे. प्रायोगिक लागवडीपलीकडे ही योजना गेली नाही आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ती गुंडाळली गेली. डॉ. शर्मा यांचे निधन डिसेंबर २०१५ मध्ये आपल्या ग्वाल्हेरलाच झाले. आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक आहे, असा प्रश्न मला नेहमी पडतो. बस्तर आज छत्तीसगडमध्ये आहे, पण तो साल वाचवण्याच्या लढ्यातला एक माणूस आपल्या शहरात राहत होता.

---

बांज_बुरांस

मूळचा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, गेली बावीस वर्षे देहरादूनला. धागा वाचून आनंद झाला, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

चिपको आंदोलनात १९७७ साली टिहरीतल्या अदवाणी गावच्या बायकांनी जी घोषणा दिली ती याच प्रश्नाचे उत्तर आहे. जंगलाचे उपकार कोणते, याला वनखात्याच्या दृष्टीने उत्तर होते "लीसा, लकड़ी और व्यापार". बायकांनी ते बदलून "मिट्टी, पानी और बयार, ज़िंदा रहने के आधार" असे केले. लीसा म्हणजे चिडाची राळ. बचनी देवी तिथल्या पुढाकार घेणाऱ्यांपैकी होत्या आणि त्यांचे स्वतःचे यजमान ठेकेदारीशी संबंधित होते. घरातल्या घरात केवढा ताण असेल याची कल्पना करावी.

दुसरी गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. १९८१ पासून इथे समुद्रसपाटीपासून १००० मीटरवरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. ती हवीच होती. परंतु तिचा एक परिणाम असा की चीडही तुटेनासा झाला. बांजाची फांदी गुरांसाठी वारंवार छाटली जाते, चिडाच्या रोपाला गुरे खात नाहीत आणि आग लागली तर जाड सालीचा चीड वाचतो व बांजाची रोपे जळतात. मोकळी झालेली जागा पुन्हा चीडच घेतो. २०२४ च्या उन्हाळ्यात इथली जंगले पेटली तेव्हा आठवडाभर आम्हाला समोरचा डोंगर दिसला नाही. त्या वेळी सरकारने पिरुल गोळा करण्याचा दर किलोला ३ रुपयांवरून ५० रुपये केला. तेव्हा चीड ठेवावा की काढावा, हा प्रश्न आता गावागावांत वेगवेगळ्या उत्तरांनी सोडवला जातो आहे आणि जिथे वनपंचायत जागी आहे तिथे लोक चिडाची रोपे काढून बांज राखत आहेत.

---

लाकूडकाम

मी तीस वर्षे लाकडाच्या व्यवसायात आहे, तरीही दुसरी बाजू मांडण्याचे धाडस करतो. वरील सर्वांच्या भावनांचा मला आदर आहे.

आपण ज्या खोक्यांतून सफरचंद घेतो, घर बांधताना ज्या फळ्या स्लॅबखाली लावतो, ज्या पॅलेटवर कारखान्यातला माल चढतो, ते बरेचसे लाकूड पाइनचे असते. त्यातला काही भाग न्यूझीलंडहून कांडला बंदरात उतरतो आणि गांधीधामच्या आरागिरण्यांत कापला जाऊन आपल्यापर्यंत येतो. तो पाइन लागवडीचाच आहे. त्या लागवडीमुळेच न्यूझीलंडला आपल्या सरकारी जमिनीवरील मूळ जंगलांतली व्यापारी तोड थांबवणे परवडले. लागवड नको म्हणायचे, तर लाकूड कुठून आणायचे याचे उत्तर द्यावे लागेल. सिमेंट, लोखंड आणि प्लास्टिक ही काही निसर्गाला अधिक मानवणारी द्रव्ये नव्हेत. शिवाय गरीब शेतकऱ्याने पडीक बांधावर चार पैसे देणारे झाड लावले, तर शहरातल्या निसर्गप्रेमींनी त्याला दोष का द्यावा?

---

करधई (धागालेखिका)

लाकूडकाम दादा, आपण मांडलेत हे फार बरे झाले, कारण या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. लाकूड मलाही लागते. माझ्या घराचे दरवाजे लाकडाचेच आहेत.

माझे म्हणणे लागवडीच्या विरोधात नाही, ती कशाच्या जागी होते याबद्दल आहे. वर्षानुवर्षे नांगरलेल्या, दमलेल्या शेतजमिनीवर शेतकऱ्याने स्वखुशीने झाडे लावणे वेगळे आणि उभे रान, चराऊ माळ किंवा पाणथळ जागा "रिकामी" ठरवून तिथे लागवड करणे वेगळे. आपल्या देशाने हा फरक कागदावर मान्य केलेला आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणात स्पष्ट म्हटले आहे की नैसर्गिक जंगले उद्योगांना लागवडीसाठी दिली जाणार नाहीत आणि दीर्घकाळ शास्त्रीय चाचण्या झाल्याशिवाय परदेशी जाती आणल्या जाऊ नयेत. बस्तरसारख्या अनुभवांतून गेल्यावरच ती वाक्ये लिहिली गेली असावीत, असे मला वाटते.

न्यूझीलंडच्या उदाहरणाचीही दुसरी बाजू आहे. तिथे पाइनचे बी लागवडीबाहेर वाऱ्याने उडून उंचावरच्या गवताळ प्रदेशात रुजते आणि ती रानोमाळ पसरलेली झाडे काढण्यासाठी २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालवावा लागत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळात गिझबर्नच्या परिसरात तोडणीनंतर डोंगरउतारांवर पडून राहिलेले ओंडके आणि फांद्या पुराबरोबर वाहत आल्या, पुलांवर आदळल्या आणि किनारे त्यांनी भरून गेले. लाकडाची किंमत ठरवताना ही किंमत कुणाच्या खात्यात मांडली जाते? बहुधा जो त्या नदीकाठी राहतो त्याच्या.

---

पावसाळी

मी ग्वाल्हेरची, सध्या आयर्लंडच्या वायव्य भागात एका रुग्णालयात परिचारिका आहे. इथे हा विषय इतका तापलेला आहे की चहाच्या सुट्टीतसुद्धा निघतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आयर्लंड एके काळी जवळजवळ वृक्षहीन झाले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी देशाचा सुमारे एक टक्का भागच जंगलाखाली होता. आज तो ११ टक्क्यांच्या आसपास आहे आणि ही वाढ ऐकून प्रथम मलाही कौतुक वाटले होते. पण त्या जंगलातली सर्वांत मोठी जात म्हणजे सिटका स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष, जो उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणलेला आहे आणि देशातल्या एकूण वनक्षेत्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग त्याने व्यापला आहे. माझ्या शेजारचा लायट्रिम परगणा हा देशात प्रमाणाने सर्वाधिक लागवड झालेला परगणा आहे. तिथली जमीन जड, चिखलाची, शेते लहान आणि तरुण माणसे शहरांत गेलेली. अशी जमीन स्वस्त मिळते, म्हणून लागवड तिथे आली.

माझ्या वॉर्डात एक वृद्ध शेतकरी होते. त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंना स्प्रूस लावला गेला तेव्हा रोपे गुडघ्याएवढी होती. आज ती झाडे घरापेक्षा कितीतरी उंच आहेत आणि हिवाळ्यात, जेव्हा इथे सूर्य मुळातच क्षितिजालगत फिरतो, त्यांच्या खिडकीत दुपारीही ऊन येत नाही. शेजारची तीन घरे बंद झाली, कारण शेत गेले की घरही जाते. त्यांना सर्वांत जास्त बोचत होते ते हे की एकदा जमीन वनाखाली गेली की तोडणीनंतर पुन्हा झाडेच लावण्याचे कायद्याने बंधन आहे. म्हणजे जे कुरण गेले ते त्यांच्या नातवंडांच्या काळातही परत यायचे नाही.

लोकांनी संघटना काढल्या, सभा घेतल्या, लागवडीच्या प्रत्येक परवान्यावर हरकती नोंदवल्या. जानेवारी २०२३ मध्ये सरकारी वन कंपनीने एका ब्रिटिश गुंतवणूक कंपनीशी हातमिळवणी केल्याचे जाहीर झाले तेव्हा देशभर गदारोळ झाला. गावकऱ्यांचा प्रश्न साधा होता: झाडे लावण्यासाठी दिले जाणारे सार्वजनिक अनुदान शेवटी कुणाच्या खिशात जाणार?

निसर्गाचे नुकसान तर आहेच. पीट म्हणजे हजारो वर्षे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा पाण्याने भिजलेला थर. त्यात कार्बन साठून असतो. स्प्रूस लावण्यासाठी चर खणून पाणी काढले की तो थर वाळतो, कुजू लागतो आणि साठवलेला कार्बन हवेत परततो. हवामानासाठी म्हणून लावलेले झाड अशा जागी उलटेच काम करू शकते. उघड्या माळावर घरटे करणारा हेन हॅरियर नावाचा भोवत्या जातीचा शिकारी पक्षी इथे याच कारणाने संकटात आहे. शेजारच्या स्कॉटलंडने हा धडा आधीच घेतला. तिथे १९८० च्या दशकात करसवलतीच्या लोभाने श्रीमंत लोकांनी फ्लो कंट्री नावाच्या विशाल पीट प्रदेशात लागवड करवली. १९८८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत काढली गेली. आता तिथली झाडे तोडून, चर बुजवून ओल परत आणण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे आणि २०२४ मध्ये त्या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. झाडे तोडून निसर्ग वाचवतात, हे वाक्य मी आईला फोनवर सांगितले तेव्हा तिला खरे वाटेना.

लायट्रिमचे लोक झाडांच्या विरोधात नाहीत, हे मात्र मला ठासून सांगायचे आहे. त्यांना ओक, बर्च, अल्डर ही तिथली मूळची झाडे हवी आहेत. त्यांना त्यांच्या गावात काय उगवावे, हे विचारले जायला हवे आहे.

---

निळे_डोंगर

पावसाळी ताईंच्या प्रतिसादातल्या पीटवरून निलगिरी आठवली. नोकरीच्या निमित्ताने मी बारा वर्षे कोईमतूरला होतो आणि जवळजवळ प्रत्येक सुट्टी निलगिरी व पलनीच्या डोंगरांत घालवली.

तिथे दोन हजार मीटरच्या आसपास निसर्गाची रचना फार सुंदर आहे. दऱ्यांच्या खोबणीत शोला नावाची बुटकी, दाट राने आणि बाकी सगळे उतार गवताचे. इंग्रजांना ते गवत म्हणजे वाया गेलेली जमीन वाटली आणि त्यांनी तिथे वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभूळ) व निलगिरीची, म्हणजे युकॅलिप्टसची, झाडे लावली. स्वातंत्र्यानंतर आपणही तेच केले आणि त्यात पाइनची भर घातली. पलनीच्या डोंगरांची १९७३ ते २०१४ या काळातली उपग्रह छायाचित्रे तपासून शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की त्या चाळीस वर्षांत दोनतृतीयांश गवताळ प्रदेश नाहीसा झाला आणि लागवडीचे क्षेत्र १८ चौरस किलोमीटरवरून १५५ चौरस किलोमीटरवर गेले. कोडाईकनालला पर्यटक ज्या पाइनच्या रानात छायाचित्रे काढतात, त्याच्या सावलीत कधी काळी कुरिंजी फुलत असेल. ती बारा वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा एका माणसाला आयुष्यात तिचे पाच-सहा बहरच बघायला मिळतात.

निलगिरीतल्या तोडा या पशुपालक जमातीच्या लोकांच्या म्हशी या गवतावर चरत आणि त्यांची अर्धगोल छपराची देवळे शाकारायला जे गवत लागते ते ओलसर जागीच येते. गवत आटले की देऊळ शाकारणार कशाने? अशा प्रश्नाला वनशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत रकानाच नव्हता.

परंतु एक सावधगिरीची सूचनाही करतो. उत्साहाच्या भरात सगळे पाइन एका दिवसात तोडून टाका म्हणणेही धोक्याचे आहे. काही जुन्या लागवडींच्या सावलीत शोलाची रोपे आपोआप उगवू लागली आहेत, तिथे तोड केली तर तीही जातील. वॅटलचे बी मातीत अनेक वर्षे टिकते आणि झाड काढले की शेकडो रोपे उगवतात. चूक करायला एक पावसाळा पुरतो, ती निस्तरायला एका माणसाची कारकीर्द पुरत नाही. करधई ताईंच्या टेकडीवर अजून काही लावलेले नाही, हे फार मोठे भाग्य समजावे.

---

लाकूडकाम

निळे_डोंगर आणि पावसाळी यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. ओलसर जमीन आणि गवताळ उतार यांचा मुद्दा मला मान्य आहे. मी मुख्यतः पडीक शेतजमिनीचा विचार करीत होतो. लागवड हवी, पण जागा पाहून, असे माझे मत आता मी दुरुस्त करून मांडतो.

करधई ताई, टेकडीच्या प्रस्तावाला नुसता नकार कळवू नका. "ओसाड" हा शब्द ज्यांनी लिहिला आहे त्यांच्यासमोर तिथे काय काय आहे याची यादी ठेवा. सरकारी कामात यादीला जेवढे वजन असते तेवढे भावनेला नसते, हा माझा व्यवसायातला अनुभव आहे.

---

शिंदेछावणी

लाकूडकाम यांची सूचना अगदी योग्य आहे. त्यात गवतांची नावे जरूर घालावीत. आपल्या जवळच घाटीगावला सोनचिडियाच्या, म्हणजे माळढोकाच्या, नावाचे अभयारण्य आहे आणि तो पक्षी तिथे आता दिसत नाही. त्याला उघडा माळ लागतो, दूरवर नजर पोचावी लागते. अशा माळावर दाट झाडे लावणे म्हणजे त्याला घराबाहेर काढणे होय. आपली टेकडी काही माळढोकाची नाही, पण चंडोल, टिटवी आणि तित्तिर तिथे मी स्वतः पाहिलेले आहेत.

---

करधई (धागालेखिका)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी यादीला सुरुवात केली. आमच्याकडे दूध घालणारे बाबा लहानपणी त्या टेकडीवर शेळ्या चारत असत, त्यांना बरोबर घेतले. दीड तासात त्यांनी करधई, सलई, खैर, तेंदू, पळस, घोंट, करवंद आणि हिंगोट अशी आठ झाडेझुडपे व पाच प्रकारची गवते दाखवली. गवतांची नावे त्यांनी त्यांच्या बोलीत सांगितली, ती मी तशीच लिहून घेतली आहेत. कोणते गवत म्हशीला दूध आणते आणि कोणते फक्त छपराला चालते, हेही त्यांनी सांगितले आणि तेही मी यादीत लिहिणार आहे.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता टेकडीच्या पायथ्याच्या मारुतीपाशी जमायचे ठरवले आहे. ज्यांना वनस्पती ओळखता येतात त्यांनी यावेच, ज्यांना येत नाहीत त्यांनी वही घेऊन यावे. हरकत नोंदवण्याचा मसुदा शिंदेछावणी काका करणार आहेत आणि १९८८ च्या धोरणातली ती दोन वाक्ये त्यात शब्दशः असतील. लाकूडकाम दादांनी प्रस्तावातल्या रोपांचा खर्च तपासून देण्याचे कबूल केले आहे.

पाऊस अजून आलेला नाही, पण दोन दिवसांपासून हवा दमट झाली आहे. करधईला पाऊस पडण्याची वाट पाहावी लागत नाही, हवेतली ओल तिला पुरते. काल टेकडीच्या उत्तर बाजूच्या फांद्यांवर बारीक हिरवे ठिपके दिसू लागले होते. रविवारपर्यंत ती पाने ओळखण्याएवढी मोठी होतील.